न खपलेल्या तबकड्या

या सदरात आम्ही कधी जुन्या बाजारांचा इतिहास सांगतो, कधी शाळांचा. आज तबकड्यांचा सांगणार आहोत. तबकडी म्हणजे रेकॉर्ड, काळी, गोल, परातीसारखी चपटी. आणि त्यातही सगळ्या नाहीत. साधारण १९७५ ते १९८५ या काळात विजेच्या वाद्यावर, म्हणजे सिंथेसायझरवर, जी नाचाची गाणी निघाली त्यांच्या तबकड्या. त्या गोळा करणारी हौशी माणसं आज जगभर आहेत. अमेरिकेत आहेत, हॉलंडमध्ये आहेत, जपानमध्ये आहेत, आपल्या मुंबईतही आहेत. ती चोर बाजारात उकिडवी बसून तासन् तास धुळीचे गठ्ठे चाळतात, आणि एखादी हवी ती सापडली की लहान पोरासारखी हरखतात.

हे वेड आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. आम्हीही आपापसात हाच प्रश्न विचारला. पण माहिती गोळा करत गेलो तेव्हा कळलं, की या वेडाच्या पोटात दोन माणसांच्या गोष्टी आहेत. एक मुंबईचा वादक, एक कोलकात्याची गायिका. दोघांची मेहनत त्यांच्या काळात मातीमोल ठरली आणि पुढे तिलाच सोन्याचा भाव आला. तो भाव कुणाच्या पदरात पडला, हे ऐकण्यासारखं आहे.

आधी तबकडीचं बोलू. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी ती नक्की पाहिली असेल. लग्नाच्या आदल्या दिवशी लाऊडस्पीकरवाला यायचा, लिंबावर नाहीतर माडीवर कर्णा बांधायचा, पेटी उघडायचा, आणि तबकडीवर सुई टेकवली की आधी खरखर आणि मग गाणं. पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. आठवत असेल तर आठवा, जुनी जड तबकडी हातातून पडली की काचेसारखी फुटायची. ती लाखेची असायची. झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी, बांगड्यांना वापरतात तीच लाख. मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला जेमतेम तीनेक मिनिटांचं एक गाणं मावायचं. १९४८ साली अमेरिकेत प्लॅस्टिकची मोठी तबकडी आली, ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि एका बाजूला वीसेक मिनिटं वाजते. तिला एल.पी. म्हणतात. तिच्यावर रेघाच रेघा दिसतात ना, त्या अनेक नसतात बरं. एका बाजूला घळ एकच, गोगलगाईच्या शंखासारखी बाहेरून आत गुंडाळत गेलेली. गाणं त्या घळीच्या वेड्यावाकड्या कडांमध्ये कोरलेलं असतं. सुई त्यातून घासत जाते, थरथरते, आणि ती थरथर मोठी होऊन कर्ण्यातून बाहेर पडते.

आता सिंथेसायझर. नाव अवघड आहे, पण त्याचा धाकटा भाऊ आपल्या ओळखीचा आहे. लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टीवाला जो कॅसिओ वाजवतो तो याच खानदानातला. भजनी मंडळाच्या पेटीत भात्याची हवा पितळेच्या पट्ट्या थरथरवते म्हणून सूर निघतो. एकतारीत तार थरथरते. सिंथेसायझरमध्ये तसं काहीच नाही. आत वीज मागेपुढे हेलकावे खाते, ते हेलकावे स्पीकरपर्यंत गेले की सूर होतो. हेलकावे भरभर, तर सूर चढा. सावकाश, तर खर्जातला. त्याच्यापुढे एक चाळणी लावलेली असते. पिठाची चाळणी जशी कोंडा अडवते तशी ही चाळणी आवाजातला चिरका भाग अडवते. बटण फिरवलं की चाळणीची भोकं लहानमोठी होतात आणि तोच सूर कधी घुमा, कधी लख्ख होतो. तोंडाने ‘ऊ’ म्हणत हळूहळू ‘आ’ करून पाहा, बरोबर तसं.

अमेरिकेत रॉबर्ट मूग नावाच्या माणसाने १९६४ च्या सुमारास असं यंत्र बनवलं. सुरुवातीला ते कपाटाएवढं होतं आणि तारांचं जंजाळ बघून माणूस घाबरेल असं. पुढे ते लहान होत गेलं. १९७७ साली डोना समर या कृष्णवर्णीय गायिकेचं एक गाणं आलं, ‘आय फील लव्ह’. त्यात तिचा गळा सोडला तर जवळपास सगळं संगीत यंत्राचं होतं. तिच्या गाण्याने नाचाच्या संगीताची वाटच बदलली असं जाणकार मानतात.

आपल्याकडे ही लाट १९८० साली आली, ‘कुर्बानी’ सिनेमातून. झीनत अमानवर चित्रित झालेलं ‘आप जैसा कोई’ कुणी ऐकलं नसेल असं गाव सापडणं मुश्कील. ते गाणारी नाझिया हसन ही कराचीची मुलगी, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. गाणं लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि संगीतकार होते बिड्डू, आपल्या बंगळुरूचे. त्या एका गाण्यासाठी नाझियाला फिल्मफेअरचं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी तिचा आणि तिच्या भावाचा ‘डिस्को दीवाने’ हा संग्रह निघाला आणि धो धो खपला. सिनेमात नसलेली गाणीही लोक विकत घेतात, हे कंपन्यांना त्यातून दिसलं. नाझिया २००० साली कर्करोगाने गेली, पस्तिशीत. तिच्या तबकड्या इतक्या निघाल्या होत्या की आजही सहज मिळतात. म्हणून हौशी लोक तिला मानतात, पण तिच्यासाठी रक्त आटवत नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण या बाजाराचं गणित उलटं आहे. खपलेली तबकडी घरोघरी असते, ती स्वस्त. जी खपली नाही तिच्या प्रती थोड्या उरतात, ती महाग.

अशीच एक न खपलेली तबकडी मुंबईत तयार झाली. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचे. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, अशा मोठमोठ्या संगीतकारांकडे त्यांनी काम केलं. अशा वादकांचं नाव सिनेमाच्या पाटीवर येत नसे, तबकडीवरही क्वचित. नव्या वाद्यांची त्यांना भारी हौस. सिंगापूरहून त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची यंत्रं आणली. एक मोठा सिंथेसायझर, ज्युपिटर-८. एक ठेका धरणारी पेटी, टीआर-८०८. आणि टीबी-३०३ नावाची चंदेरी छोटी डबी. ही डबी खरं तर एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून बनवली होती, खर्जाची साथ. पण तिचा आवाज खऱ्या वाद्यासारखा मुळीच येत नव्हता. चिखलात रुतलेला पाय उपसताना जसा आवाज होतो तसा काहीसा यायचा. वादकांना ती पसंत पडली नाही आणि दोन-तीन वर्षांतच कंपनीने ती बंद केली.

चरणजित सिंगांनी १९८२ साली या तीन यंत्रांवर काय केलं, तर दहा राग वाजवले. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. खाली डिस्कोचा ठेका आणि वर राग. पहाटेची भूपाळी आपण देवळात ऐकतो, तिचे सूर त्या चिखलातल्या आवाजात कसे लागत असतील कल्पना करा. आम्ही ऐकलंय. पहिल्यांदा हसू येतं, मग मान डोलायला लागते. तबकडी एच.एम.व्ही.ने काढली. रागदारीवाल्यांना ती पोरकट वाटली असावी आणि नाचणाऱ्यांना त्यात गाणंच सापडलं नसावं, हा आमचा तर्क. खपली नाही एवढं खरं. चरणजित सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले.

इकडे ती नापसंत डबी जुन्या सामानात कवडीमोलाने विकली जाऊ लागली. अमेरिकेत शिकागो शहरातल्या गरीब कृष्णवर्णीय पोरांनी ती घेतली, बटणं वेडीवाकडी फिरवली आणि १९८७ साली त्यातून एक नवं नाचाचं संगीत काढलं, ॲसिड हाऊस. ते युरोपभर पसरलं. मग २००२ साली एडो बाऊमन नावाच्या एका डच हौशी माणसाला दिल्लीत जुन्या तबकड्यांमध्ये चरणजित सिंगांची ती तबकडी सापडली. वाजवून बघतो तर काय, शिकागोच्या पोरांसारखाच आवाज, आणि साल त्यांच्या पाच वर्षं आधीचं! त्याने मुंबईत चरणजित सिंगांचा शोध घेतला आणि २०१० साली तबकडी पुन्हा छापून आणली. वर्तमानपत्रांतून आलं की ॲसिड हाऊसचा शोध भारतात लागला. आम्हाला हे अती वाटतं. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकलेलीच नव्हती. एकाच यंत्राने दोन ठिकाणच्या माणसांना एकाच वाटेला नेलं, एवढंच म्हणावं. त्यात काही कमीपणा नाही. म्हातारपणी चरणजित सिंग युरोपात जाऊन नातवंडांच्या वयाच्या पोरांपुढे हे राग वाजवून आले. २०१५ च्या जुलैमध्ये ते मुंबईत वारले.

आता रूपाताईंची गोष्ट. रूपा बिश्वास कोलकात्याच्या. १९८१ साली त्या कॅनडात कॅलगरी शहरी भावाकडे गेल्या होत्या. तिथे त्यांचं गाणं झालं आणि ते सरोदवादक आशिष खान यांच्या कानावर पडलं. आशिष खान म्हणजे अली अकबर खानांचे चिरंजीव, अल्लाउद्दीन खानांचे नातू, घराणंच केवढं मोठं! डिस्कोची लाट होती, त्यांनी ठरवलं की या मुलीची एक डिस्को तबकडी करायची. आशिष खानांचा सरोद, त्यांचे भाऊ प्राणेश यांचा तबला, आणि बाकी तिथले गोरे वादक, गिटार, ड्रम, सिंथेसायझर घेऊन. चारच गाणी, पण लांबलचक. एका गाण्याचं नाव ‘मोजा भारी मोजा’, म्हणजे आपलं मजा, भारी मजा. दुसऱ्याचं ‘आज शनिबार’. हे तर भाषांतर करायचीही गरज नाही. बंगाली मुलीने परदेशात गायलेलं आणि आपल्याला नाव आपोआप कळतं, याची आम्हाला फार गंमत वाटली.

१९८२ साली कोलकात्याच्या मेगाफोन कंपनीने ती ‘डिस्को जॅझ’ या नावाने काढली. हीच ती जुनी कंपनी, जिने बेगम अख्तर यांना अगदी तरुणपणी तबकडीवर आणलं. पण रूपाताईंची तबकडी चालली नाही. दुसरी निघाली नाही. लग्न झालं, मुलगा झाला, संसार झाला. गाण्याचं नाव मागे पडलं. अशा किती जणी आपल्या आसपास आहेत ते आपण जाणतोच. शाळेत पहिल्या नंबराने गाणाऱ्या, आता फक्त मंगळागौरीला आवाज काढणाऱ्या.

तीसेक वर्षांनी कुणी तरी ‘आज शनिबार’ यूट्यूबवर टाकलं. कुणी टाकलं, का टाकलं, रूपाताईंना पत्ता नव्हता. ते लाखो लोकांनी ऐकलं. मूळ तबकडीसाठी परदेशी लोक शेकडो डॉलर मोजायला लागले. रूपाताईंच्या मुलाने इंटरनेटवर आईचं नाव शोधलं तेव्हा हा सगळा प्रकार घरात कळला. म्हणजे बघा, दूरदूरच्या देशांत लोक त्या आवाजावर नाचताहेत आणि ज्या बाईचा आवाज, ती घरात स्वयंपाक करतेय. २०१९ साली शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या कंपनीने ती तबकडी रीतसर नव्याने काढली. मग वर्तमानपत्रवाले आले, मुलाखती झाल्या.

इथे पैशाचा हिशेब नीट समजून घेऊ, कारण बचत गटात आपण हेच तर शिकलो. जुनी तबकडी एका हौशी माणसाने दुसऱ्याला पन्नास हजाराला विकली, तरी त्यातला एक रुपया गायिकेला जात नाही. जसं जुनी पैठणी कुणी कितीला विकली याचा विणकराला काही उपयोग नसतो, तसंच. ज्याच्या हातात वस्तू, त्याचा नफा. गाणारीला मिळायची आशा तेव्हाच, जेव्हा तबकडी परवानगीने पुन्हा छापली जाते किंवा गाणं कुठे धंद्यासाठी वापरलं जातं, आणि तेही करारात तसं असेल तर. आपल्याकडे लतादीदींनी १९६० च्या दशकात हाच मुद्दा धरला होता, की गाणाऱ्यालाही विक्रीचा वाटा, म्हणजे रॉयल्टी मिळाली पाहिजे. मोहम्मद रफींचं म्हणणं होतं की गायचे पैसे एकदा घेतले, विषय संपला. त्यावरून दोघांमध्ये काही वर्षं अबोला होता. रफी साहेब सज्जन माणूस, पण या मुद्द्यावर आम्ही दीदींच्या बाजूच्या. कायद्यात गाणाऱ्यांच्या रॉयल्टीचा हक्क स्पष्ट यायला २०१२ साल उजाडावं लागलं.

पैशाच्याही आधी नाव येतं. १९४९ साली ‘महल’ सिनेमातलं ‘आएगा आनेवाला’ गाजलं तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! गाणं लतादीदींचं, नाव मधुबालाने केलेल्या भूमिकेचं. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे पत्रं पाठवली, ही गाते कोण म्हणून. रेडिओने कंपनीकडून नाव मागवून घेतलं आणि ते सांगितलं. आम्ही रेडिओवाल्या, म्हणून ही गोष्ट सांगताना आमची छाती जरा फुगते.

हौशी लोकांना तबकडी गोड का लागते, तर ती नुसतं गाणं नसते. मोबाइलवर ‘आज शनिबार’ फुकट ऐकता येतं, मग हजारो रुपये कशाला? कारण मोबाइलवर पुष्कळदा गाणं एकटं येतं. तबकडीबरोबर वेष्टण येतं, त्यावरचं चित्र येतं, मागे बारीक अक्षरात सरोद कुणाचा, तबला कुणाचा, कुठल्या शहरात केलं हे येतं. मधल्या गोल कागदावर कंपनीचा नंबर असतो. कोपऱ्यात कधी पेनाने लिहिलेलं असतं, अमक्याला वाढदिवसानिमित्त. तो कागद म्हणजे पुरावा. सातबारा हातात असला की जमीन कुणाची हे ठरतं ना, तसं हे त्या काळाच्या गाण्याचं दप्तर आहे. सरकारी दफ्तरखान्यात ते सगळं नाही, वेड्या माणसांच्या घरात आहे. मुंबईत तर १९९० सालापासून जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्थाच आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, आणि तिथल्या मंडळींनी अशाच कागदांवरून गाण्यांच्या याद्या जुळवल्या आहेत.

यात डोळे पांढरे करणारे नमुनेही आहेत. तबकडी कधी वाजवायचीच नाही, प्लॅस्टिकात बांधून ठेवायची आणि भाव चढायची वाट बघायची, असे. कणगीत धान्य सडवणाऱ्यासारखे. त्यांना आम्ही संग्राहक म्हणत नाही.

कॅसेट आली आणि तबकडी मागे पडली. कॅसेट स्वस्त, खिशात मावणारी, घरच्या घरी भरून घेता येणारी. गावोगावच्या लाऊडस्पीकरवाल्यांनी पेट्या माळ्यावर टाकल्या, पुढे भंगारवाला आला आणि किलोवर घेऊन गेला. तरी काही उरल्या असतील. म्हणून थोडं कामाचं. तबकड्या सापडल्या तर आडव्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाने त्या पापडासारख्या वाकतात. रॉकेल, खोबरेल काही लावू नका, मऊ कोरड्या फडक्याने गोल गोल पुसा. लाखेची असेल तर दोन्ही हातांनी धरा. आणि लाखो रुपये मिळतील या आशेवर राहू नका. सिनेमाची गाजलेली तबकडी घरोघरी होती, तिला फार मोल येत नाही. जुन्या नाण्यांच्या नावाखाली ‘आधी नोंदणीचे पैसे भरा, मग लाखो देतो’ असं सांगून फसवणारे आहेत, तबकडीच्या बाबतीतही कुणी आधी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

आम्हाला पुढच्या भागासाठी तुमची मदत हवी आहे. घरात, माळ्यावर, लाऊडस्पीकरवाल्याच्या घरच्या ट्रंकेत बाईने गायलेली तबकडी असेल, मग ती लावणी असो, भावगीत असो, डिस्को असो, तर मधल्या कागदावरचं सगळं वहीत उतरवून घ्या. गाणारीचं नाव, साथ करणाऱ्यांची नावं, कंपनी, नंबर. ती तबकडी घरात कुणी आणली, कुठल्या लग्नात वाजली, हे सासूबाईंना नाहीतर आत्याबाईंना विचारून खाली लिहा. गटाच्या बैठकीत आमच्या ताईकडे ती वही द्या. गाणारीचं नाव पुसट झालं असेल तर जेवढी अक्षरं दिसतात तेवढीच लिहा, पुढचं आपण मिळून शोधू.